मामा, तुझ्या माकडाच्या स्टेजेस जास्तच होत्या

मामा, हे आत्ताच्या आत्ता सांगायला हवं. उद्या सांगते, परवा सांगते, नीट विचार करून सांगते, असं करत मी इतके दिवस घालवले आणि मधल्या मधे तू गेलासच. आत्ता मामी आंघोळीला गेलीय, आई गॅलरीत तुझ्या कुंड्यांना पाणी घालतेय, फोन माझ्या हातात आहे. टायपो झाले तर झाले.

फाईलमधली माझी शेवटची नोट चुकीची आहे. तुझ्या माकडाच्या स्टेजेस जास्तच होत्या. तू हरला नाहीस.

काल तुझ्या पुण्यानुमोदनाच्या सभेला सगळ्यांनी याच्या बरोबर उलटं ऐकलं. आईच सांगत होती सगळ्यांना, की चार वर्षं भांडला पण जाता जाता भाचीला जिंकू दिलं बघा माझ्या भावानं. नागपूरची मावशी पदर डोळ्याला लावून रडली. आणि मी तिथे पांढरा कुर्ता घालून मान हलवत उभी होते. का हलवली मान, यार. काहीच कळत नाही.

थांब, दोन मिनिटं. हे बाकीचे लोक पण वाचतील, त्यांना सांगते.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, दिल्लीत लक्ष्मीबाई नगरला सरकारी क्वार्टर. माझे आईबाबा दिल्लीबाहेर मानेसरला, बाबा गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या फॅक्टरीत आहेत. तिथून रोज कॉलेजला यायचं म्हणजे अर्धा दिवस रस्त्यात, म्हणून सोमवार ते शुक्रवार मी मामा-मामीकडे. आणि चार वर्षं मी आणि मामा एकाच गोष्टीवर भांडलो. सायकलच्या तीन-तीन आठवड्यांच्या शर्यती जिंकणारे दोन चॅम्पियन, दोघंही आता रिटायर झालेले. त्यातल्या कोणाचं करिअर मोठं? बस, इतकंच. नावं मुद्दाम लिहीत नाहीये. नावं लिहिली की त्यांचे फॅन्स कॉमेंटमध्ये भांडायला येतील, आणि मला आता दुसऱ्या कोणाशी भांडायचं नाही.

अच्छा, आता परत तुझ्याशी.

आपला पहिला जुलै आठवतो, फ्रान्सची शर्यत असते तो महिना? मी नुकतीच राहायला आले होते. मला वाटलेलं तू ऑफिसमधून येऊन न्यूज लावशील. तू बूट पण काढले नाहीस, लॅपटॉप उघडून उभाच. स्क्रीनवर फ्रान्समधला कुठला तरी डोंगर, आणि एक बारका माणूस सीटवरून उठून नाचल्यासारखा सायकल मारत चाललेला. तू ओरडलास, "घाटात अटॅक केला बघ!" मला घाट म्हणजे यमुनेचा घाट एवढंच माहीत. मी म्हटलं, नदी कुठेय? तू कपाळाला हात लावलास आणि मामीला हाक मारून सांगितलंस, "अगं, दिल्लीनं आपली पोरगी पार बिघडवली."

मग मी विचारलं, पहिला कोण आहे?

"आजचा की एकंदर?"

"मतलब?"

आणि तू बसलास, बूट घालूनच, आणि समजावलंस. रोज एक शर्यत, तिला स्टेज म्हणायचं. स्टेज रोज कोणीतरी जिंकतो. पण एकवीस स्टेजेसचा सगळा वेळ मिळवून ज्याचा वेळ सगळ्यात कमी, तो शर्यतीचा खरा विजेता, त्याची पिवळी जर्सी.

"म्हणजे रोज न जिंकता पण माणूस शेवटी जिंकू शकतो?"

"शकतो."

"मग रोज कशाला जिंकायचं?"

तू माझ्याकडे असं बघितलंस जसं काही मी ताटातलं सांडलं होतं. "ऐकलंस का गं," मामीला म्हणालास, "ही पोरगी सेक्रेटरी होणार. कामापुरतं काम."

तिथून नावं पडली. मला जो आवडला तो सेक्रेटरीसाहेब. एकट्यानं घड्याळाविरुद्ध पळायची स्टेज असली की तिथे वेळ कमवायचा, आणि मग दोन आठवडे टीमच्या मागे शांत बसून राहायचं, एक श्वास फुकट घालवायचा नाही. तुझा तो माकड. चढ दिसला की उडी. गरज असो नसो.

"तुझ्या साहेबाच्या पुढे सहा जण ओढायला असतात. हा सातवा. शेवटच्या दोन किलोमीटरला खुर्चीतून उठतो."

"टीम स्पोर्ट आहे, मामा."

"मग किताब टीमला दे की."

"आणि तुझं माकड? आज उड्या मारतं, उद्या दहा मिनिटं मागे पडतं."

"पण आज काय मजा आली ते सांग ना!"

रोज जेवताना हेच. शेवटी मामी म्हणाली, जेवताना नको, काय ते लिहून काढा. मामीनं सहज म्हटलेलं, पण तू सरकारी माणूस. दुसऱ्या दिवशी तू रद्दीत निघालेलं फाईल कव्हर आणि हिरवे कागद घेऊन आलास. ऑफिसात सगळं कॉम्प्युटरवर गेल्यापासून ते हिरवे कागद कोणाला नको होते, आणि तुला त्यांच्याशिवाय करमत नव्हतं. कव्हरवर तुझ्या त्या सुंदर अक्षरात लिहिलंस: "विषय: दोन चॅम्पियन सायकलपटूंच्या करिअर रेकॉर्डची तुलना करण्याबाबत." आणि मला नियम सांगितलेस. परिच्छेदाला नंबर. खाडाखोड नाही. एकदा सही झाली की बदल नाही, बदलायचं असेल तर नवी नोट. जर-तर चालणार नाही. मी खाली डावीकडे सही करायची, तू उजवीकडे. मी म्हटलं, तू उजवीकडे का? म्हणालास, "सीनियॉरिटी."

मी लिहायचे, तू उत्तर लिहायचास. कधी "कृपया चर्चा करें", कधी "पुनः प्रस्तुत करें", आणि मी चिडले की मुद्दाम "यथोचित विचार किया जाएगा". शुक्रवारी फाईल माझ्यासोबत मानेसरला जायची. एकदा तिकडच्या शेअर ऑटोत मांडीवर उघडून बसले होते तर शेजारच्या काकांनी विचारलं, "बेटा, ज़मीन का केस है क्या?" तुला सांगितलं तर तू इतका हसलास की ठसका लागला.

आता ती गोष्ट, जी लोकांना सांगायलाच हवी, नाहीतर काही समजणार नाही.

तूच शिकवलंस मला, ऑफिसातली जुनी युक्ती म्हणून. ड्राफ्टमध्ये एक चूक मुद्दाम सोडायची. साहेबाला ती सापडते, साहेब खूश होतो, लाल गोल करतो आणि बाकीच्या ड्राफ्टला हात लावत नाही.

"आणि नाही सापडली तर?"

"तर समजायचं की साहेब वाचत नाही. मग त्या सहीवर विसंबायचं नाही."

मग आपला नियमच झाला. प्रत्येक नोटमध्ये एक खोटी गोष्ट. मी लिहिलं होतं, गुलाबी जर्सी स्पेनच्या शर्यतीत देतात. तू इटली लिहून एवढा मोठा लाल गोल केलास की कागद फाटला. तू एकदा लिहिलंस, पांढरी जर्सी सगळ्यात अनुभवी खेळाडूला मिळते. इतक्या गंभीर भाषेत लिहिलं होतंस की मी दोन दिवस बाकीचंच तपासत बसले, आणि मग बसमध्ये एकदम लक्षात आलं, अरे, पांढरी तर तरुण खेळाडूला! बसमध्येच ओरडले. तुझी एकही चूक मी सोडली नाही. तू माझी एकही नाही सोडलीस.

चार वर्षांत फाईल जाडजूड झाली आणि हिशोब तीन कॉलमवर येऊन थांबला. मोठ्या शर्यतींचे किताब, त्यात साहेब पुढे. फ्रान्स, इटली, स्पेन, तिन्ही देशांच्या शर्यती जिंकल्या का, तर दोघांनीही. आणि स्टेजेस, त्यात माकड पुढे. तू म्हणायचास, "जोवर स्टेजेस माझ्याकडे आहेत तोवर फाईल बंद होत नाही." मी म्हणायचे, स्टेजेसनी काय होतं. तू म्हणायचास, "स्टेज म्हणजे तो दिवस. साहेबानं तीन आठवडे जिंकले असतील, दिवस माकडानं जिंकले."

मला ते तेव्हा डायलॉग वाटायचं.

एक गोष्ट लिहू की नको असं झालंय, पण लिहिते. गेल्या वर्षी तुमच्या प्रमोशनची लिस्ट आली होती. तुझ्या बॅचमधले दुसरे एक जण अंडर सेक्रेटरी झाले आणि तुझं नाव नव्हतं. घरात कोणी काही बोलत नव्हतं. आणि जेवताना माकड किती वेळा दुसरा आला यावरून आपलं सुरू झालं. तू म्हणालास, दुसरा येणं पण मोजलं पाहिजे, तीन आठवडे टिकून दुसरा येणं सोपं नाही. आणि मी म्हटलं, "दुसऱ्या नंबरला जर्सी नसते, मामा. आणि तू त्याचाच फॅन का आहेस ते मला माहितीये."

मामीच्या हातातला डाळीचा चमचा तसाच राहिला.

तू भात संपवलास, ताट उचलून ठेवलंस. सकाळी फाईल माझ्या बॅगेवर होती. एकच ओळ. "भाचीचे मत वाचले. नोंद घेतली." त्या ओळीत मी चूक शोधत राहिले, मामा, की तू काहीतरी गंमत ठेवली असशील. नव्हती. सॉरी मी कधी म्हटलंच नाही. तू दोन दिवसांनी स्वतःच माकडाचा कुठला तरी जुना व्हिडिओ पाठवलास, मला वाटलं चलो, मिटलं.

या वर्षी ऑक्टोबर संपताना आपण शेवटचे रिजच्या टेकडीवर गेलो. लोकांना सांगते, दिल्लीत चढ नाहीच, सगळी सपाट. म्हणून आम्ही सकाळी सहाला निघून पार हिंदूराव हॉस्पिटलपर्यंत सायकल मारायचो, तिथे जरा चढ आहे. मामा त्याला आपला आल्प्स म्हणायचा. हॉस्पिटलच्या अलीकडे तो दर वेळी अटॅक करायचा, ऑफिसची पँट क्लिपनं बांधून, ती त्याची जुनी लोखंडी सायकल, आणि भिंतीवर खरी माकडं बसून बघायची. वर पोचला की त्यांना हात करायचा. "माझे फॅन्स," म्हणायचा.

त्या दिवशी तू अर्ध्यात उतरलास. सायकल हातात धरून चालत आलास. मी वर थांबले होते, मोबाईलवर टाइम लावून.

"काय मामा, आज टीम नाही आली ओढायला?"

तू हँडलवर रेलून दम घेत राहिलास. मग म्हणालास, "हवा बघ कसली झालीय."

मी म्हटलं, हो ना यार, माझा पण घसा धरलाय.

हेच तर आहे ना. दिल्लीत त्या दिवसांत कोण खोकत नाही? कोणाला दम लागत नाही? सगळे सकाळी उठून फोनवर हवेच्या प्रदूषणाचा आकडा बघतात आणि जे काही होतंय ते त्याच्यावर टाकतात. तू जिन्यात थांबायचास, आम्ही म्हणायचो हवा. तू दोन उशा घेऊन झोपायला लागलास, मामी म्हणाली हवा. प्युरिफायर तुझ्या खोलीत ठेवला. तुझे पाय सुजले होते, मोज्याची रेघ पायात रुतलेली मी स्वतः बघितली, तू म्हणालास खुर्चीत बसून बसून होतं. तू बूट सोडून सँडल घालून ऑफिसला जायला लागलास आणि मी तुला स्टाइल मारतो म्हणून चिडवलं.

आणि मग तो सोमवार.

शनिवार-रविवार मानेसरला बसून मी नोट लिहिली होती. परिच्छेद अठ्ठावन्न. साहेबाच्या सगळ्या स्टेजेसची नवी यादी, आणि खाली निष्कर्ष, की स्टेजेसमध्ये पण साहेब पुढे, सबब फाईल बंद करावी. आणि माझी मुद्दाम सोडलेली चूक म्हणजे, मी त्या यादीत टीमच्या स्टेजेस पण मोजल्या. ज्या दिवशी सगळी टीम एकत्र घड्याळाविरुद्ध पळते, त्या दिवशीची स्टेज टीमच्या नावावर जाते, एकट्या खेळाडूच्या नाही. हे तूच मला पहिल्या वर्षी सांगितलेलं. इतकी ढोबळ चूक मी कधीच ठेवली नव्हती. मला वाटलं होतं तू पहिल्या दोन ओळींतच हसायला लागशील, "किताब टीमला दे की" म्हणशील, लाल पेन्सिल शोधशील.

तू शाल घेऊन बसला होतास. समोर चहा. मी फाईल ठेवली आणि समोरच वेताचा मोढा ओढून त्यावर बसले, तुझी मजा बघायला. तू फाईल उघडलीस. मग शेवटचं पान काढलंस. पेन घेतलंस. "अनुमोदित." खाली सही, तारीख.

"घ्या प्रज्ञाबाई. जिंकला तुमचा साहेब."

मी किंचाळले. नाचले, खरंच नाचले, मामी किचनमधून पळत आली. मी बाबांना फोन लावला, ते कंपनीच्या बसमध्ये होते, मी ओरडून सांगितलं, "मामा हरला! मामा हरला!" तुझ्या सहीचा फोटो काढून स्टेटसला टाकला. तू हसत होतास. मग म्हणालास, "आता जरा पडतो." संध्याकाळचे सात पण वाजले नव्हते.

मला तेव्हाच माहीत होतं की चूक तशीच राहिलीय. तेव्हाच म्हणायला हवं होतं, मामा, थांब, काय करतोयस, नीट बघ. पण काय झालं माहितीये, मला जिंकायला आवडलं. मी म्हटलं, राहू दे एक दिवस. मग म्हटलं, आठवडाभर चिडवते आणि मग सांगते. तू तुझं डोकं धरशील, मला शिव्या देशील, मग तुझी नवी नोट येईल. मी त्या नोटची वाट बघत होते.

दहा दिवसांनी सकाळी तुला श्वासच घेता येईना. हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाले की हृदय कित्येक महिन्यांपासून थकलंय. आईनं विचारलं, हवेमुळे ना? ते म्हणाले, नाही.

आयसीयूत एकेकाला पाच मिनिटं सोडायचे. माझा नंबर आला तेव्हा मी ठरवून गेले होते की हेच सांगायचं, टीमच्या स्टेजेस, तू हसशील तरी. तुझ्या तोंडावर मास्क होता. मी तुझा हात धरला आणि म्हटलं, "मामा, जुलैपर्यंत बरं व्हायचं हं." इतकंच. टीमच्या स्टेजेसचं सांगायचं राहूनच गेलं. तू डोळे मिटलेस, मला वाटलं हो म्हणालास. आता मला त्याची पण खात्री नाही.

चौथ्या दिवशी तू गेलास.

काल हॉल भरला होता. तुझा फोटो, मेणबत्त्या, पांढरी फुलं, आणि टेबलावर मामीनं ती फाईल ठेवलेली. पंचशील झालं. मग लोक दोन-दोन शब्द बोलायला लागले. आईनं ती गोष्ट सांगितली, भाचीला जिंकू दिलं ती. आणि तिच्यानंतर तुझ्या सेक्शनचे एक साहेब उभे राहिले. ते म्हणाले, "एक ही बात कहूँगा। इस आदमी ने पूरी नौकरी में एक भी काग़ज़ पर बिना पढ़े दस्तख़त नहीं किए। हम लोग तंग आ जाते थे।" सगळे रडता रडता हसले.

आणि मी तिथे उभ्या उभ्या गार पडले, मामा.

कारण मी बघितलं होतं. मी समोर मोढ्यावर बसले होते. तू पान उलटलं नव्हतंस. तुझे डोळे ओळींवरून फिरले नव्हते. तू सरळ शेवटचं पान काढलंस आणि सही केलीस, आणि मला जिंकू द्यावं म्हणून नाही. जिंकू द्यायचं असतं तर तू आधी चूक शोधली असतीस, गोल केला असतास आणि मग मिशीत हसून सही केली असतीस. तू तसाच होतास. तुला वाचायला जमलंच नाही. दोन पानं वाचायची ताकद तुझ्यात नव्हती आणि ते तू मला सांगितलं नाहीस, आणि मला सांगायची गरजच नव्हती, कारण तू मला चार वर्षं हेच शिकवलं होतंस, की न वाचलेल्या सहीवर विसंबायचं नाही. मी विसंबले. नाचले. तेव्हा विचारलं असतं, मामा, तू वाचलं का नाहीस? इतकंच. दहा दिवस होते हातात. दहा दिवसांत डॉक्टर काही करू शकले असते का, मला माहीत नाही. मी विचारलं पण नाही कोणाला. भीती वाटते.

आज सकाळी मामी मटार सोलत बसली होती. मला राहवलं नाही.

"मामी, मामानं मला जिंकू दिलं नव्हतं."

"म्हणजे?"

"त्यानं वाचलंच नव्हतं. नोटमध्ये चूक होती, मोठी, आणि त्यानं वाचलंच नाही. त्याला वाचताच येत नव्हतं बहुतेक."

मला वाटलं ती चिडेल. किंवा म्हणेल, जाऊ दे गं, कशाला आता. ती मटार सोलत राहिली. मग हळूच म्हणाली, "त्या आठवड्यात पेपर मीच वाचून दाखवत होते त्यांना."

मला हे माहीतच नव्हतं. मी तेव्हा कॉलेजला निघून गेलेली असायचे.

"मला म्हणाले, तू वाच, तुझा आवाज ऐकायला बरं वाटतं. बावीस वर्षांत कधी बोलले नव्हते गं असं. मी काय केलं असेल? मी खूश झाले. सकाळची कामं उरकून, केस नीट विंचरून बसायचे वाचायला. मला वाटलं आता कुठे..." आणि ती थांबली. सोललेले दाणे परत सालांमध्ये टाकत होती, तिच्या लक्षातच नव्हतं.

मी ते वेचत बसले.  वेचून झाले तेव्हा ती म्हणाली, "चुकीचं तसंच ठेवू नको. त्यांना नाही चालायचं."

मग मी नवी नोट लिहिली. परिच्छेद एकोणसाठ. परिच्छेद अठ्ठावन्नमध्ये टीमच्या स्टेजेस चुकून नव्हे तर मुद्दाम मोजल्या होत्या, त्या वगळल्या आहेत, स्टेजेसमध्ये माकड पुढे आहे, सबब फाईल बंद करता येत नाही. यात एकही खोटी गोष्ट ठेवली नाही. पहिल्यांदाच. आणि खाली आणखी एक ओळ लिहिली, त्या दुसऱ्या नंबरच्या जर्सीबद्दल, ती इथे नाही लिहिणार. डावीकडे सही केली. उजवी बाजू रिकामी आहे.

मामीला म्हटलं, तू करतेस का सही? तिनं चष्मा लावला आणि वाचायला घेतलं, एकेका ओळीवर बोट ठेवून. मधेच विचारलं, हे टीम टाइम ट्रायल म्हणजे काय गं? मी सांगितलं. तिनं परत पहिल्यापासून वाचलं. मग पेन बाजूला ठेवलं. म्हणाली, "मला अजून नीट समजलं नाही. समजल्याशिवाय नाही करणार." आणि मग आंघोळीला गेली. नळ मघापासून चालूच आहे.

मला अजूनही साहेबच मोठा वाटतो, मामा. खोटं कशाला बोलू. पण हे मी आता म्हणते तर समोरून काही येतच नाही, आणि तसं म्हणण्यात काही राहिलेलंच नाही.

आणि तुम्ही सगळे, जे इथपर्यंत वाचत आलात, मला तुम्हाला विचारायचंय, खरंच विचारतेय, कॉमेंटमध्ये लिहा, मेसेज करा, कसंही. तुमच्या घरात पण असेल ना असा एक माणूस, जो कुठलीच गोष्ट भांडल्याशिवाय मान्य करत नाही? त्यानं कधी एके दिवशी अचानक, एक शब्द न बोलता, "बरं, तुझंच खरं" म्हटलंय का? तेव्हा तुम्ही काय केलंत? त्याच्या चेहऱ्याकडे बघितलंत, की माझ्यासारखे खूश झालात?